ताटातली कोळंबी आणि गळ्यातला खोडा: ‘रूलिन वायशी’ कशी वाचावी

आईच्या सुतकात असलेला एक विद्वान परगण्याच्या अधिकाऱ्याकडे जेवायला बसला आहे. समोर चांदीने मढवलेले पेले आणि काड्या मांडल्या आहेत, पण पाहुणा हात पुढे करत नाही. यजमान बुचकळ्यात पडतो, तेव्हा सोबतचा स्नेही त्याला सांगतो की सुतकात अशी भांडी वापरणे यांना प्रशस्त वाटत नसावे. लगेच चिनी मातीचा पेला आणि हस्तिदंती काड्या येतात. त्याही चालत नाहीत. शेवटी पांढऱ्या बांबूच्या साध्या काड्या आणल्यावर कुठे पाहुणा त्या हातात घेतो. यजमानाला आता निराळीच काळजी लागते: इतके कडक सुतक पाळणारा हा गृहस्थ मांसमद्याला शिवत नसला तर वाढायचे काय, कारण तशी तयारीच केलेली नाही. तेवढ्यात पाहुणा पाकोळीच्या घरट्याच्या महागड्या रश्श्यातून कोळंबीचा एक मोठा गोळा उचलतो, तोंडात टाकतो आणि यजमानाचा जीव भांड्यात पडतो.

लेखक एवढेच सांगतो आणि पुढे जातो. पाहुणा ढोंगी आहे असे तो म्हणत नाही, शेराही मारत नाही. हा प्रसंग ‘रूलिन वायशी’ या चिनी कादंबरीच्या चौथ्या प्रकरणातला आहे. नावाचा अर्थ साधारण ‘विद्वज्जनांचा अनधिकृत इतिहास’ असा होतो. वू जिंगझी (१७०१–१७५४) याने ती अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत लिहून पूर्ण केली. तिच्या आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या छापील प्रतीवर १८०३ हे वर्ष आहे. त्याआधी ती हस्तलिखित नकलांतून फिरत होती. विसाव्या शतकात लू शुन या चिनी लेखकाने चिनी कथासाहित्याचा इतिहास लिहिताना खऱ्या अर्थाने उपहासाची म्हणावी अशी पहिली चिनी कादंबरी हीच, असा निर्वाळा दिला. तरीही पहिल्यांदा हातात घेणारे बरेच वाचक दहाबारा प्रकरणांत ती खाली ठेवतात, कारण तिला नायक नाही, सलग कथानक नाही, आणि कोण चांगले, कोण वाईट हे सांगणारा निवेदकही नाही. या कादंबरीतला उपहास टिपण्यासाठी वाचकाला काही सवयी लावून घ्याव्या लागतात. पुढे जे लिहितो आहे ते त्या सवयींविषयी आहे.

आधी परीक्षेची शिडी आणि चांदीचे माप

चीनमध्ये सरकारी पदासाठी द्याव्या लागणाऱ्या परीक्षांच्या चार पायऱ्या एका कागदावर लिहून तो पुस्तकात खुणेसारखा ठेवावा. सर्वांत खाली तोंगशेंग, म्हणजे स्थानिक परीक्षा अजून पार न केलेला उमेदवार; मग त्याचे वय सोळा असो की साठ. ती पार केली की तो श्यूत्साय होतो. त्याला वेठबिगारीतून सूट मिळते आणि अधिकाऱ्यापुढे ऊठसूट फटके खावे लागत नाहीत. दर तीन वर्षांनी प्रांताच्या मुख्य शहरात होणारी परीक्षा जिंकणारा ज्यूरेन, आणि त्यावर राजधानीतली परीक्षा जिंकणारा जिनशी. ज्यूरेन झालेल्या माणसापुढे सरकारी नेमणुकीचे दार उघडते आणि गावची धनाढ्य मंडळी एका रात्रीत त्याचे नातलग होतात. शिडीच्या बाजूने एक चोरवाटही आहे: पैसे भरले की ज्येनशेंग ही पदवी विकत मिळते आणि स्थानिक परीक्षा पार न करताही प्रांताच्या परीक्षेला बसता येते. या सर्व पायऱ्यांवर मुख्य कसोटी एकच, आठ ठरावीक अंगांचा निबंध. कन्फ्यूशियसच्या परंपरेतल्या ‘चार ग्रंथां’मधले एखादे वाक्य विषय म्हणून द्यायचे आणि उमेदवाराने जुन्या ऋषींच्या तोंडची भाषा बोलत, जोडीजोडीची समतोल वाक्ये रचत त्यावर लिहायचे.

ही शिडी माणसांच्या संबोधनांपर्यंत कशी झिरपली होती, हे दुसऱ्या प्रकरणात दिसते. तिथे निवेदक एक रीत समजावून सांगतो: स्थानिक परीक्षा पार केलेला मुलगा पंधरासोळा वर्षांचा असला तरी त्याला ‘वडील मित्र’ म्हणायचे, आणि ती पार न केलेला माणूस ऐंशीचा झाला तरी त्याला ‘धाकटा मित्र’च म्हणायचे. अहोजाहो आणि अरेतुरे यांतला फरक ज्याच्या कानाला लहानपणापासून कळतो, त्या मराठी वाचकाला या रीतीतला डंख समजावून सांगावा लागणार नाही. म्हणून कादंबरीभर कोण कोणाला काय म्हणतो आणि ते म्हणणे केव्हा बदलते, याकडे कान ठेवावा.

दुसरे माप चांदीचे. एक ल्यांग म्हणजे साधारण सव्वातीन तोळे चांदी. त्याचा दहावा भाग छियेन आणि शंभरावा भाग फन. वू जिंगझी रकमा सांगताना हात आखडत नाही, आणि त्या रकमा कागदावर टिपून ठेवल्या की अर्धी सामाजिक टीका आपोआप उलगडते. खेड्यातल्या शाळामास्तराला वर्षाला १२ ल्यांग मिळतात. खाटीक म्हणतो की दिवसाला एक डुक्कर कापूनही जेमतेम छियेनभर चांदी सुटते. ज्येनशेंगची पदवी विकत घ्यायला दोनशेच्या आसपास ल्यांग लागतात. आणि परीक्षेचा निकाल लागलेल्या दिवशी एक जमीनदार, ज्याने आजवर या नव्या ज्यूरेनकडे ढुंकून पाहिले नव्हते, तो पालखीतून येतो आणि ५० ल्यांग व एक घर भेट देऊन जातो.

काळ मिंगचा, लेखक छिंगचा

पहिले प्रकरण चौदाव्या शतकातले आहे. वांग म्यॅन हा गुराखी पोर पावसानंतरच्या तळ्यात कमळे पाहून स्वतःच चित्रे काढायला शिकतो आणि पुढे आयुष्यभर सरकारी मानमरातबापासून दूर राहतो. परीक्षेची नवी रीत ठरल्याची बातमी येते, तेव्हा तो म्हणतो की ही रीत बरी नाही. नाव मिळवण्याची अशी वाट मोकळी झाली म्हणजे पुढचे शिकलेले लोक विद्या, वर्तन आणि नोकरी केव्हा धरावी, केव्हा सोडावी याचा विवेक, हे सारे हलके मानू लागतील. हे वाक्य अधोरेखित करून ठेवावे. पुढची पन्नासहून अधिक प्रकरणे या एका वाक्याचा पुरावा म्हणून वाचता येतात.

मुख्य कथा पंधराव्या शतकाच्या अखेरीस, मिंग घराण्याच्या अमलात सुरू होते आणि सोळाव्या शतकाच्या शेवटापर्यंत चालते. लेखक मात्र छिंग घराण्याच्या अमलात जगत होता, आणि त्या काळी राज्यकर्त्यांना खुपेल असे लिखाण हे देहदंडाचे कारण ठरू शकत होते. दोनशे वर्षे मागे नेलेली कथा त्याला आडोसा देत होती. शिवाय मिंग काळातली निबंधाची परीक्षा छिंग राज्यकर्त्यांनी जशीच्या तशी पुढे चालवली होती, त्यामुळे तत्कालीन वाचकाला अंतर पार करायला काहीच कष्ट नव्हते. वू स्वतः आनह्वे प्रांतातल्या छ्वॅनज्याव इथल्या नामांकित घराण्यातला. त्याचा पणजा राजधानीच्या परीक्षेत देशात तिसरा आला होता. वूच्या हाती आलेली इस्टेट मात्र दहापंधरा वर्षांत संपली, १७३३ मध्ये तो नानजिंगला राहायला गेला, आणि १७३६ मध्ये दरबारच्या विशेष परीक्षेसाठी त्याची शिफारस झाली तेव्हा आजारपणाचे कारण सांगून तो बीजिंगला गेला नाही. तो या जगाच्या आतला माणूस होता, ही गोष्ट वाचताना विसरू नये. त्याच्या लिखाणात कोठेही तिऱ्हाइताचा तुच्छतेचा सूर लागत नाही, याचे कारण तेच.

शब्दांपेक्षा हातांकडे पाहावे

ही मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी सवय आहे. पात्रे बोलतात ते नीट ऐकावे, पण त्या वेळी त्यांचे हात काय करत आहेत, अंगावर काय आहे, ताटात काय आहे, हे त्याहून बारकाईने पाहावे.

साठी ओलांडलेला झोउ जिन खेड्यातल्या देवळात शाळा चालवतो. पावसामुळे अडकलेला एक तरुण ज्यूरेन तिथे मुक्कामाला येतो. रात्री ज्यूरेनपुढे कोंबडी, बदक, मासे, मद्य असा थाट मांडला जातो, आणि झोउ जिनपुढे भाजीचा जुना पाला आणि गरम पाणी. सकाळी ज्यूरेन हात झाडून निघून जातो. जमिनीवर कोंबडीची हाडे, बदकाचे पंख, माशाचे काटे, टरबुजाच्या बियांची टरफले पसरलेली असतात, आणि झोउ जिन गरगरत्या डोक्याने सकाळभर ती झाडत बसतो. अपमान झाला असे लेखक म्हणत नाही. तो फक्त केराची यादी देतो. पुढे हाच झोउ जिन व्यापाऱ्यांबरोबर प्रांताच्या परीक्षेचे रिकामे आवार पाहायला जातो, तिथल्या कोठडीतली फळी दिसताच तिच्यावर डोके आपटून बेशुद्ध पडतो आणि शुद्धीवर आल्यावर रक्त ओकेपर्यंत रडतो. व्यापारी कळवळून त्याच्यासाठी चोरवाटेची रक्कम उभी करतात. तो परीक्षा पार करतो, चढत जातो आणि ग्वांगदोंग प्रांतात परीक्षक होऊन येतो.

आता तिसरे प्रकरण अगदी सावकाश वाचावे. ऐन थंडीत तागाचा पातळ अंगरखा घातलेला, कुडकुडणारा एक उमेदवार पेपर द्यायला येतो. फान जिन त्याचे नाव. नोंदीत वय ३० लिहिले आहे, प्रत्यक्षात तो ५४चा आहे. विसाव्या वर्षापासून वीसहून अधिक वेळा तो परीक्षेला बसला आहे. झोउ जिन त्याच्याकडे पाहतो, मग स्वतःच्या अंगावरचा लाल झगा आणि सोन्याचा कमरपट्टा पाहतो. पेपर पहिल्यांदा वाचून त्याला वाटते, हे काय वाटेल ते लिहिले आहे, उगीच नाही हा इतकी वर्षे नापास होत. थोड्या वेळाने पुन्हा वाचतो, तेव्हा काही अर्थ जाणवतो. तिसऱ्यांदा वाचतो आणि म्हणतो की हे तर त्रिभुवनातले सर्वश्रेष्ठ लिखाण, एकेक अक्षर म्हणजे एकेक मोती. पेपर तोच, अक्षरे तीच. इथे दोन अर्थ शक्य आहेत आणि दोन्ही जवळ ठेवावेत: निबंध खरोखर खोल असेल आणि आजवरच्या परीक्षकांनी तो धड वाचलाच नसेल, किंवा निबंधात काहीच नसेल आणि झोउ जिनला त्या कागदावर स्वतःचे गेलेले आयुष्य दिसले असेल. लेखक निवाडा करत नाही. दोन्ही अर्थ परीक्षेला सारखेच उघडे पाडतात. दोघांच्या नावांतले ‘जिन’ हे अक्षरही एकच आहे; त्याचा अर्थ ‘पुढे सरकणे’, आणि शिडीच्या सर्वांत वरच्या ‘जिनशी’ या पदवीतही तेच अक्षर आहे. भाषांतरात हे दिसत नाही, म्हणून मुद्दाम सांगितले.

त्यानंतर येतो सासरा, हू खाटीक. जावई ज्यूरेनच्या परीक्षेला जाण्यासाठी पैसे मागतो तेव्हा हा त्याच्या तोंडावर थुंकतो, माकडतोंड्या म्हणतो, बेडकाने राजहंसाच्या मांसाची आशा धरू नये असे ऐकवतो. निकालाच्या दिवशी घरात अन्नाचा कण नाही, आणि फान जिन अंडी देणारी एकुलती एक कोंबडी विकायला बाजारात गेलेला असतो. बातमी कळते आणि आनंदाने त्याचे डोके फिरते. तो टाळ्या वाजवत, हसत, चिखलात लोळत सुटतो. ज्याला तो सर्वांत घाबरतो त्याने थोबाडीत मारली तर वेड उतरेल असे ठरते, आणि ते काम खाटकाकडे येते. पण जावई आता आकाशातल्या विद्येच्या नक्षत्राचा अवतार! दोन घोट दारू पोटात गेल्यावर खाटीक कशीबशी एक थप्पड मारतो, आणि मग त्याचाच हात असा दुखू लागतो की बोटे वाकत नाहीत. देवाचा कोप झाला समजून तो वैद्याकडे लेप मागतो. घरी परतताना जावयाच्या झग्याचा मागचा घोळ चुरगळलेला दिसला की तो वाकून सरळ करतो, एकदा नव्हे, वाटभर, कितीतरी वेळा. आधी ज्याला दरिद्री म्हणून हाकलले, त्याला आता तो आपल्याकडे ‘जावईबापू’ म्हणावे तशा आदराने हाक मारतो. मग फान जिन त्याला सहा ल्यांगहून थोडी जास्त चांदी देतो. खाटीक चांदी मुठीत घट्ट आवळतो आणि मूठ पुढे करून म्हणतो, हे तुमच्याकडेच असू द्या. ‘राहू द्या’ म्हणताच मूठ झटकन मागे जाते आणि चांदी कमरेला. चांदी परत करणारी मूठ बंद आहे, उघडलेला तळवा नव्हे. सगळा खाटीक त्या मुठीत आहे.

एकाच पंगतीचे दोन शेवट

सुरुवातीला सांगितलेल्या जेवणाकडे परत येतो (सुतकातला तो पाहुणा म्हणजे हाच फान जिन), कारण बहुतेक वाचक कोळंबीला हसून पान उलटतात आणि तिथेच चुकतात. त्याच पंगतीत एक कामाचा विषय निघतो. गुरे कापण्यावर नवी बंदी आली आहे, आणि खाटीककाम करणाऱ्या मुस्लिमांच्या वतीने त्यांचा एक वृद्ध म्होरक्या ५० चिन गोमांस घेऊन, बंदी थोडी सैल करावी अशी विनवणी करत आला आहे. चिन म्हणजे आपल्या अर्ध्या किलोपेक्षा थोडे अधिक. अधिकारी पाहुण्यांचा सल्ला विचारतो. फान जिनसोबतचा स्नेही झांग, म्हणजे ५० ल्यांग आणि घर देणारा तोच जमीनदार, इतिहासातला दाखला देतो: मिंगच्या पहिल्या बादशहाचा सल्लागार ल्यू जी लाच घेऊन पदाला मुकला. दाखल्यासोबत ल्यू जी कोणत्या साली, कितव्या क्रमांकाने परीक्षा पार झाला हेही तो ठणकावून सांगतो. फान जिन मध्येच विचारतो, तिसरा क्रमांक असावा ना? नाही, पाचवा, झांग म्हणतो, मी त्याचा पेपर वाचला आहे. प्रत्यक्षात ल्यू जी मिंगपूर्वीच्या युआन घराण्याच्या काळातला जिनशी होता. मिंगची परीक्षा देण्याचा प्रश्नच नव्हता. टेबलाशी बसलेल्या परीक्षा उत्तीर्ण माणसांपैकी एकालाही एवढा साधा इतिहास ठाऊक नाही.

त्या खोट्या दाखल्याचा परिणाम दुसऱ्या दिवशी दिसतो. अधिकारी त्या म्हाताऱ्याला फटके देववतो, गळ्यात जड लाकडी खोडा अडकवतो आणि ते सगळे गोमांस खोड्यावर असे रचतो की मानेभोवती घट्ट बसून फक्त दोन डोळे दिसावेत. दिवस उन्हाचे. दुसऱ्या दिवशी मांसात किडे पडतात. तिसऱ्या दिवशी म्हातारा मरतो. शेकडो लोक दुकाने बंद करून कचेरीला वेढा घालतात.

कोळंबी आणि खोडा एकाच ताटातून निघालेले आहेत, हे लक्षात आले की या कादंबरीतल्या उपहासाचा हेतू कळतो. घोकंपट्टी करून मोठी झालेली माणसे अधिकारपदावर बसली की त्यांच्या अज्ञानाची किंमत कोणाला मोजावी लागते, हे लेखकाला दाखवायचे आहे. म्हणून नियम असा करावा: एखाद्या प्रसंगाचे हसू आले की आणखी चार पाने वाचल्याशिवाय पुस्तक मिटू नये.

एका खुणेवरून माणूस तोलू नये

येन बंधूंची प्रकरणे याच ओघात येतात. थोरला येन पाहुण्यांना सांगतो की मी साधा सरळ माणूस, कोणाच्या धाग्याचा की दाण्याचाही फायदा कधी घेतला नाही. आणि वाक्य संपते न संपते तोच घरचा पोरगा येऊन सांगतो, सकाळी आपण कोंडलेले ते डुक्कर मागायला मालक आला आहे आणि भांडतो आहे. दोघा भावांची नावे ‘मध्यममार्ग’ या ग्रंथातल्या ज्या वाक्यातून घडवलेली आहेत, त्यात समतोल आणि सुसंवाद साधला म्हणजे स्वर्ग आणि पृथ्वी आपापल्या जागी स्थिर होतात आणि सर्व सृष्टी फुलते असे म्हटले आहे. प्रत्येक उमेदवाराला ते वाक्य तोंडपाठ असे. त्या वाक्याच्या नावाने वावरणारी माणसे शेजाऱ्याचे डुक्कर बळकावतात.

धाकटा येन मात्र जपून वाचावा. मरताना त्याचा प्राण जात नाही. तो दोन बोटे वर करून राहतो आणि कोणालाच अर्थ कळत नाही, शेवटी त्याची बायको ओळखते की दिव्यात दोन वाती जळत आहेत, तेल वाया जाते आहे. ती एक वात काढते, तो मान हलवतो आणि शांतपणे मरतो. हा प्रसंग इतका गाजला की तो चिनी साहित्यातला नमुनेदार कंजूष ठरला. पण आधीची पाने पाहावीत: याच माणसाने भावाच्या भानगडी निस्तरण्यासाठी पदरचे पैसे ओतले आहेत आणि पहिल्या बायकोच्या अंत्यसंस्कारावर प्रचंड खर्च केला आहे. तो भित्रा आहे, चारी बाजूंनी लुटला गेलेला आहे, आणि ज्या एकाच गोष्टीवर त्याची सत्ता चालते ती म्हणजे ती वात. नुसते कंजूष म्हणून त्याला हसणारा वाचक त्याला लुटणाऱ्या नातेवाइकांना सोडून देतो.

मा या निबंधसंपादकाचेही तसेच. कन्फ्यूशियस आज असता तर त्यालाही परीक्षेचे निबंधच लिहावे लागले असते, असे तो निष्ठेने मानतो. हांगझोउच्या पश्चिम सरोवराकाठी तो मैलोन्‌मैल चालतो, पण त्याला निसर्ग दिसत नाही. खाद्यपदार्थ पाहून आवंढे गिळत तो १६ पैशांच्या शेवया खातो, पोट भरत नाही म्हणून दोन पैशांचे सुके कोंब चघळतो, आणि उंचावरून विशाल देखावा दिसतो तेव्हा त्याच्या तोंडून पाठ्यग्रंथातले एक अवतरण बाहेर पडते. भारावून जायलाही त्याच्याकडे स्वतःचे शब्द उरलेले नाहीत. आणि हाच माणूस ओळख नसलेल्या गरीब तरुणाला दहा ल्यांग आणि कपडे देऊन आजारी बापाकडे पाठवतो. परीक्षेने त्याची दृष्टी नेली, दानत नेली नाही. वू जिंगझीने दोन्ही शेजारी ठेवले आहे आणि वाचकाने दोन्ही उचलावे.

हसू थांबते तिथे

अठ्ठेचाळिसाव्या प्रकरणाला एक वेगळी संध्याकाळ द्यावी. ह्वेझोउ परिसरात, जिथे पतिव्रतांच्या स्मारककमानी गावोगावी उभ्या आहेत, वांग यूह्वे नावाचा म्हातारा श्यूत्साय राहतो. तीस वर्षे तो त्याच पायरीवर आहे. आचारधर्मावर आणि गावच्या नीतिनियमांवर ग्रंथ लिहितो आहे. तिसऱ्या मुलीचा नवरा मरतो आणि ती सांगते की मीही त्याच्यामागे जाणार. सासूसासरे हादरतात, समजूत घालतात. बाप मात्र म्हणतो, पोरी, हे इतिहासात नाव राहील असे काम आहे, मी तुला का अडवू? मुलगी अन्न सोडते आणि आठव्या दिवशी मरते. आई बेशुद्ध पडते. बाप म्हणतो की तिचे मरण चांगले झाले, एवढा चांगला विषय घेऊन मला तरी मरता येईल की नाही कोण जाणे. आणि आकाशाकडे पाहून ‘छान मेली, छान मेली’ म्हणत, हसत बाहेर पडतो.

इथे ‘विषय’ म्हणून मूळात जो शब्द आहे, तोच शब्द परीक्षेत निबंधासाठी दिलेल्या विषयाला वापरतात. माणसाच्या तोंडून आपल्या मुलीच्या मरणाबद्दल परीक्षेची भाषा निघते. आपल्याकडच्या वाचकाला सतीची आठवण येईल, येऊ द्यावी. मात्र लेखकाने पुढे बापाचे काय केले आहे, तेही पाहावे. मुलीच्या नावाची पाटी देवळात बसते, गावची प्रतिष्ठित मंडळी मेजवानी देतात आणि बापाला मानाच्या जागी बोलावतात. त्या क्षणी त्याचे मन कालवते आणि तो जायला नकार देतो. घरी बायकोचे दुःख बघवत नाही म्हणून तो प्रवासाला निघतो. सुझोउजवळ एका होडीत पांढरी वस्त्रे नेसलेली एक तरुण बाई दिसते, त्याला मुलगी आठवते, घसा दाटतो आणि डोळ्यांतून कढत आसवे घळघळा वाहू लागतात. एवढ्या पुस्तकात परीक्षेच्या तत्त्वज्ञानावर याहून कठोर प्रहार मला आढळला नाही, आणि तो करताना लेखकाने त्या म्हाताऱ्यावर एकही दगड उचललेला नाही.

याच्या उलट बाजूला शेन छ्योंगझी आहे. यांगझोउच्या एका धनाढ्य मिठाच्या व्यापाऱ्याने फसवून तिला रखेल करू पाहिले. ती पळून नानजिंगला आली आणि भरतकाम व कविता विकून एकटी जगू लागली. ही दोन आयुष्ये एकाच आठवड्यात वाचावीत, म्हणजे स्त्रियांच्या बाबतीत लेखकाचे मन कुठे आहे ते सांगावे लागत नाही.

मधला संथ भाग

तिसाव्या प्रकरणानंतर उपहास मंदावतो आणि वाचक कंटाळतात. दू शाओछिंग या पात्रात वूने स्वतःला बरेचसे ओतले आहे: तो इस्टेट उधळतो, आजाराचे सोंग घेऊन दरबारचे बोलावणे टाळतो आणि नानजिंगच्या टेकडीवर भरदिवसा बायकोचा हात धरून फिरतो. सदतिसाव्या प्रकरणात तो आणि त्याचे मित्र ताइबो या राज्यत्याग करणाऱ्या प्राचीन पुरुषाच्या नव्या देवळात मोठा विधी करतात. तो विधी पायरीपायरीने, पानेच्या पाने वर्णिला आहे. तो गाळू नये. पंचावन्नाव्या प्रकरणात एक चहावाला त्याच देवळाकडे फिरत जातो, तेव्हा छप्पर एका बाजूने ढासळलेले असते, दारात पोरे चेंडू खेळत असतात आणि अंगणात म्हाताऱ्या बायका रानभाजी खुडत असतात. आधीचा विधी ज्याने वाचला नाही, त्याला या पडक्या देवळाचे काहीच वाटणार नाही. चांगल्या माणसांचे प्रयत्नही टिकले नाहीत, हे सांगण्याचे धैर्य लेखकाने दाखवले आहे.

सलग कथानक नसल्यामुळे गोंधळ होऊ नये म्हणून एक साधा उपाय: प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी, पुढच्या प्रकरणात कोण कोणाला घेऊन गेला एवढे एका ओळीत लिहावे. एक पात्र दुसऱ्याला भेटते आणि कथा त्या दुसऱ्याच्या मागे जाते, अशी ही साखळी आहे. चिनी न येणाऱ्याला यांग श्येनयी आणि ग्लॅडिस यांग यांचे १९५७ मध्ये बीजिंगहून निघालेले इंग्रजी भाषांतर वाचता येईल. छप्पन्नाव्या प्रकरणाच्या अस्सलपणाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत, म्हणून पंचावन्नावर थांबले तरी काही बिघडत नाही.

तुलनेसाठी पू सोंगलिंगच्या (१६४०–१७१५) भुताखेतांच्या कथा जवळ ठेवाव्यात. त्यांतल्या एका कथेत बादशहाला झुंजीसाठी रातकिडे पुरवण्याच्या सक्तीने एक कुटुंब उद्ध्वस्त होण्याच्या काठावर येते. दुसरीत एक आंधळा भिक्षू निबंध जाळून त्यांचा धूर हुंगून गुण सांगतो, निकाल नेमका उलटा लागतो, तेव्हा तो म्हणतो की माझे डोळे गेले तरी नाक शाबूत आहे, परीक्षकांचे तर नाकही गेले. तिथे अद्‌भुताची मदत घेतलेली आहे. वू जिंगझीला भूत लागत नाही; त्याला कोंबडीची हाडे आणि बंद मूठ पुरते.

शेवटी सुरुवातीचा तो चांदीचा कागद काढावा. पंचावन्नाव्या प्रकरणात जिंग युआन नावाचा शिंपी येतो. शिवणाचे दुकान चालवून उरलेल्या वेळात तो छिन हे तंतुवाद्य वाजवतो आणि सुलेखन करतो. मित्र विचारतात, एवढा शौक असताना शिक्षितांच्या मंडळीत का मिसळत नाहीस? तो म्हणतो की धंदा वाडवडिलांचा आहे, लिहिण्यावाचण्याने तो बाटत नाही. दिवसाला सहासात फन चांदी मिळते, पोटभर जेवतो, मन झाले तर वाजवतो, नाहीतर लिहितो, कोणाच्या श्रीमंतीची हाव नाही की कोणाच्या चेहऱ्याकडे पाहून वागायला लागत नाही. हिशेब केला तर वर्षाचे वीसहून थोडे जास्त ल्यांग होतात, झोउ जिनला मास्तरकीत मिळत त्याच्या जवळजवळ दुप्पट. एके दिवशी तो वाद्य घेऊन टेकडीमागे बाग राखणाऱ्या म्हाताऱ्या मित्राकडे जातो. म्हातारा उदबत्ती लावून समोर बसतो. शिंपी तारा जुळवून वाजवू लागतो, आणि सूर खोल, करुण होत जातात तसे ऐकता ऐकता म्हाताऱ्याचे डोळे भरून येतात.